कोर्पिवाराच्या खोलीतलं नेटवर्क

इल्पो कुर्ट्टी लोकांना फक्त काही बिघडलं की आठवायचा. पालिकेचा संगणकवाला आणि पालिकेचा नळवाला यांचं नशीब एकच. सगळं सुरळीत असलं की त्यांचं नाव कोणी काढत नाही. इल्पोची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते, आणि साठीला टेकलेल्या इल्पोच्या अंगात ती उरली नव्हती. गाडीतून उतरताना तो आधी एक पाय बाहेर काढायचा, जरा थांबायचा आणि मग स्वतःलाच म्हणायचा, "चला."

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातली त्यांची पालिका म्हणजे जंगल, तळी आणि मधूनमधून माणसं. या टोकापासून त्या टोकाला जायचं तर गाडीनं अर्धा दिवस मोडतो. एवढ्या पसाऱ्यातले शाळांचे, वाचनालयांचे, दवाखान्यांचे संगणक सांभाळायला माणसं दोन, इल्पो आणि रीक्का. रीक्का तिशीतली, चलाख, दोन लहान मुलांची आई. पुढच्या वर्षी हे सगळं काम प्रांताच्या मोठ्या कंपनीकडे जाणार होतं आणि कंपनी दोघांतल्या एकालाच घेणार होती. यावर दोघं कधी बोलली नाहीत. कॉफीच्या वेळी दोघं हवामानावर बोलायची.

कोर्पिवारा हे इल्पोचं जन्मगाव, पालिकेच्या पार शेवटच्या टोकाला. तिथली शाळा मुलांअभावी कधीच बंद पडली होती, पण तिच्या एका वर्गात पालिकेनं तब्येत तपासायची खोली थाटली होती. दोन संगणक, एक कॅमेरा, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि हे सगळं बघायला हेल्वी नावाची बाई. दर बुधवारी मुख्य गावातली नर्स सातू पडद्यावर यायची आणि गावातली म्हातारी माणसं एकेक करून तिच्यापुढे बसायची.

त्यात इल्पोचा थोरला भाऊ एइनो होता. जन्मभर लाकूडतोडीत काढलेला, लग्न न केलेला, वडिलांच्या घरात एकटा राहणारा. दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदय थकलं. पायांना सूज यायची, अंगात पाणी साठायचं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की दर आठवड्याला वजन आणि पाय नर्सला दिसले पाहिजेत. ते चालू आहे तोवर तू घरी राहा, ते थांबलं की मुख्य गावातल्या वृद्धाश्रमात ये. एइनो एकदा तो वृद्धाश्रम बघून आला होता. त्याचं मत एका वाक्यात संपलं.

"तिथल्या खिडक्या उघडत नाहीत."

म्हणजे कोर्पिवाराची खोली चालली तर एइनो घरात, खोली बंद पडली तर एइनो त्या न उघडणाऱ्या खिडक्यांमागे. आणि मार्च उजाडताच खोली धाप टाकायला लागली.

झालं असं की तपासणीसाठी नवा प्रोग्राम आला. तो मुख्य गावातून, बसल्या जागेवरून, नेटवर्कवरून सगळ्या संगणकांवर चढवायचा होता; तिथे जाऊन हातानं चढवायची मुभा नव्हती, आणि चढायला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. बाकी पालिकाभर तो मुकाट चढला. कोर्पिवाराचे दोन संगणक मात्र अर्ध्यावर येऊन अडकायचे. इल्पोनं पुन्हा पाठवला, पुन्हा अडकला. कधी विंडोज म्हणे समोरचा संगणक सापडत नाही, कधी म्हणे सापडला पण आत यायची परवानगी नाही, कधी म्हणे सर्व्हर उपलब्ध नाही. एकच दुखणं रोज नवं नाव सांगत होतं. असला रोगी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते शोधण्यात इल्पोच्या नाकी नऊ आले. नेटवर्कच्या कार्डाला वीज वाचवण्यासाठी डुलकी काढायची सवय असते, ती त्यानं बंद केली. ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नवा घातला. जुने पत्ते पुसले. मग त्याच्या लक्षात आलं की मधेच नेटवर्क तुटून परत आलं, की विंडोजला तेच नेटवर्क परकं वाटतं आणि ते फायरवॉलची सगळी दारं लावून घेतं. रोज घरी येणाऱ्या माणसाला कुत्र्यानं रोज नव्यानं भुंकावं, तसला प्रकार. इल्पोनं ओळख पक्की करून दिली. दोन दिवस बरे गेले, आणि तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

त्या फायरवॉलनंच त्याचा घात केला. एक खोट सापडली म्हणून तो सगळी खोट विंडोजमध्येच शोधत बसला. नेटवर्क मुळात तुटतं का, हा साधा प्रश्न त्यानं बाजूला ठेवला. दमलेला माणूस सापडलेल्या वाटेनंच चालत राहतो, नवी वाट धरायला त्याला उसनं बळ आणावं लागतं.

तो स्वतः तिकडे गेला नाही असंही नाही. पहाटे निघायचा, सकाळी पोचायचा, आणि तो पोचला की सगळं ठणठणीत. वैद्य दारात आला की दाढदुखी थांबते ना, तसं. दुपारी परत येऊन खुर्चीत बसेस्तोवर पडद्यावर पुन्हा लाल रेघा.

एकदा त्यानं हेल्वीला विचारलं, "अगं, मधेमधे जातं का गं नेटवर्क?"

"जातं की."

"आणि तू काय करतेस?"

"कॉफी ठेवते. कॉफी होईपर्यंत कधी येतं, कधी नाही येत."

"मला एक फोन नाही करायचा?"

"तू आधीच दमलेला असतोस," हेल्वी म्हणाली. "उगाच कशाला तुला त्रास?"

या मुलखात कोणी कोणाला त्रास देत नाही. घर पेटलं तरी शेजाऱ्याला उठवावं की सकाळपर्यंत थांबावं, असा विचार करणारी माणसं ही. हेल्वीला वाटायचं आपण त्याची काळजी घेतोय. इल्पोला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना.

त्याची साहेब यान्ना वाईट बाई नव्हती, तिच्याही वर साहेब होते. तिनं त्याला बोलावून सांगितलं, "हे बघ इल्पो, महिनाअखेर नवा प्रोग्राम चढला नाही तर मी कोर्पिवाराची खोली चालू ठेवू शकत नाही. तिथल्यांना आम्ही टॅक्सी देऊ."

"टॅक्सीत बसून एवढा रस्ता? माझ्या भावाला जमणार नाही ते."

"मला माहीत आहे तुझा भाऊ तिथे असतो."

"मग?"

"मग नीट कर," यान्ना म्हणाली. तिचेही डोळे तांबारलेले होते.

शेवटी इल्पोनं ठरवलं की एक अख्खा बुधवार तिथेच ठाण मांडायचं. मंगळवारी तो भावाकडे मुक्कामाला गेला. एइनो सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवून बसला होता. भावाला बघून तो म्हणाला, "आलास? तुझ्या पेट्या आज जिवंत आहेत का मेल्या?"

"उद्या कळेल."

"एवढं शिकून काय केलंस रे? करवत बिघडली की मी पातं बघतो. पातं नाहीतर मोटार, तिसरं काही नसतं."

"इथे तिसरं असतं. चौथंही असतं."

"असतं," एइनो म्हणाला. "मग अजून शीक."

असा त्याचा स्वभाव. प्रेमाचा शब्द त्याच्या तोंडून इल्पोनं जन्मात ऐकला नव्हता. पण इल्पो मुक्कामाला आला की सकाळी तो उठायच्या आत एइनो बाहेर जायचा आणि धाकट्याच्या गाडीची तार खांबाला जोडून यायचा. तिकडे हिवाळ्यात गाडी तशीच सोडत नाहीत. प्रत्येक अंगणात, प्रत्येक कचेरीपुढे विजेचे बुटके खांब असतात. त्यांना गाडी जोडली की इंजिन ऊबदार राहतं आणि आत ठेवलेला छोटा पंखा सीटही ऊबदार करतो. सूज आलेल्या पायांनी, बर्फातून, न सांगता एइनो हे करायचा. त्याबद्दल बोलायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी कडक गारठा होता. दोघं शाळेपाशी पोचले. इल्पोनं पट्टा सोडेपर्यंत एइनो उतरून गाडीची तार शाळेच्या खांबाला जोडून मोकळाही झाला. आत दोन्ही संगणक आज्ञाधारक मुलांसारखे चालत होते. इल्पोनं प्रोग्राम पाठवायला सुरुवात केली, रेघ सरकत होती. हेल्वीनं कॉफीबरोबर वेलदोड्याचे गोड पाव ठेवले. बाहेर ऊन वर चढलं, छपरावरचं बर्फ ठिबकायला लागलं. खोलीत एकामागून एक म्हातारी माणसं आली, सातूशी बोलली, गेली. सगळं इतकं सुरळीत होतं की इल्पोला रडू येईल असं वाटलं. बिघाड डोळ्यांसमोर व्हायला तयारच नाही, आणि डोळ्यांआड झाल्याशिवाय राहत नाही.

दुपारी एइनोची पाळी आली. पँट गुडघ्यापर्यंत वर करून तो कॅमेऱ्यापुढे बसला. भावाचे ते फुगलेले, चकाकणारे पाय इल्पोनं पहिल्यांदाच नीट पाहिले. तो बाहेर गेला. गाडीत बसला, राय धान्याच्या काळ्या पावाचा डबा उघडला. शेजारच्या सीटवर छोटा पंखा घरघरत होता, ऊबदार हवा मांडीवर येत होती. डोळे मिटावेत आणि कोणी हाक मारू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

पंखा थांबला.

गाडीत एकदम शांतता झाली. इल्पोनं डोळे उघडले. त्याच क्षणी वर्गाची खिडकी उघडली आणि हेल्वी ओरडली, "इल्पो! गेलं बघ! सातू तशीच थिजलीये, तोंड उघडं टाकून!"

इल्पो पंख्याकडे बघत राहिला. पावाचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता. या खांबांची वीज थंडी बघून ती सोडणाऱ्या एका जुन्या, कंजूष कपाटातून येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हाडं गोठवणारी थंडी असली की ती अखंड येते. गारठा कमी झाला की ते कपाट थोडा वेळ वीज देतं, थोडा वेळ कापतं. बर्फ वितळायला लागलं की जवळजवळ बंदच, कारण ऊन असताना गाड्या कशाला तापवायच्या? अख्खा जानेवारी आणि फेब्रुवारी खोली बिनतक्रार चालली होती. मार्चच्या सकाळी चालायची आणि दुपारी मरायची. तो येतो ती वेळ नेहमी सकाळची, गारठ्याची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर तो विंडोजच्या पोटात हात घालून बसला होता, आणि उत्तर त्याच्या गाडीच्या सीटवर घरघरत होतं.

तो उतरला आणि खांबापाशी गेला. वितळणाऱ्या बर्फातून एक नारिंगी वायर वर आली होती. ती धरून तो चालत गेला तर वायर सरळ सरपणाच्या खोपटाकडे गेली, भिंतीवर चढली आणि अँटेनाच्या पेटीत शिरली. या पेटीतूनच खोलीला नेटवर्क यायचं. पूर्वी ती शाळेच्या छपरावर होती. शरद ऋतू सरून गारठा पडल्यावर छपराचं काम निघालं तेव्हा गावानं इर्जिक घातली. सगळे जमले, कोणी शिडी आणली, कोणी सूप रांधलं, आणि एका दिवसात पेटी खोपटावर हलवली. पालिकेला एका शब्दानं कळवलं नाही, कारण पालिकेला कशाला त्रास?

पेटीपाशी वायरचा सांधा डांबरी सुतळीनं बांधला होता. ती गाठ इल्पोनं लगेच ओळखली. ती मासेमारीच्या जाळ्याची गाठ होती. वडिलांनी ती दोघांना शिकवली होती. एइनोला जमली, इल्पोला कधीच जमली नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. इल्पो खोपटाला टेकून उभा राहिला. त्याला राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा हे त्याला समजेना. वाया गेलेले सगळे दिवस, गाडीनं खाल्लेला रस्ता, यान्नापुढे खाली घातलेली मान, सगळं त्या एका गाठीत बांधलेलं होतं.

एइनो पँट खाली करत बाहेर आला. भाऊ कुठे उभा आहे ते त्यानं पाहिलं.

"ही तू ओढलीस?" इल्पोनं विचारलं.

"मीच. बाकीच्यांना काय येतं?"

"खांबावरून?"

"जवळ तोच होता. का? उभा हिवाळा चालली की नाही?"

"थंडी होती म्हणून चालली, एइनो! थंडी गेली की खांब बंद होतात!"

एइनोनं खांबाकडे पाहिलं, मग ठिबकणाऱ्या छपराकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. लाकूडतोड्या माणूस, पातं की मोटार हे त्याला समजायला वेळ लागला नाही.

"मला विचारायचंस तरी," इल्पो म्हणाला.

"एवढ्याशा वायरीसाठी तुला तिकडून बोलवायचं? किती लांब येतोस तू."

इल्पोनं गाडीतून एक छोटी पेटी काढली. नेटवर्कच्या तारेतूनच वीज पाठवणारी अशी पेटी तो नेहमी जवळ बाळगायचा. ती वर्गातल्या सॉकेटला लावली, तार खोपटापर्यंत ओढली, आणि एइनोची नारिंगी वायर खांबापासून सोडवून टाकली. पेटीपाशची ती गाठ मात्र सुटता सुटेना. एइनो पुढे आला आणि एका झटक्यात ती सोडवून बाजूला झाला. आत सातूचं थिजलेलं तोंड हललं आणि ती म्हणाली, "आवाज येतोय का?" प्रोग्रामची रेघ सरकत शेवटाला गेली. दुपारचं ऊन तसंच होतं, छप्पर तसंच ठिबकत होतं, आणि नेटवर्क गेलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बिघाड दुरुस्त झाला की त्याचं कारण लिहावं लागतं, आणि इल्पोला नियम पाठ होता. तपासणीच्या खोलीत परवाना नसलेल्या माणसानं विजेचं काम केलं असेल, तर सरकारी तपासणी होईपर्यंत खोलीला कुलूप. तपासनीस उन्हाळा उलटल्यावरच उगवतो. आणि एकदा कुलूप लागलेली खोली पालिका पुन्हा उघडत नाही, हे त्या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. बंद शाळेच्या अंगणात उभा राहूनच तो हा विचार करत होता.

वर्गातल्या लहानशा बाकावर बसून त्यानं लिहिलं, "कारण: देखभाल करणाऱ्याची चूक. दुरुस्त केली." देखभाल करणारा तोच होता. त्यानं बटण दाबलं. त्याला फार दमल्यासारखं झालं, आणि बाक गुडघ्यांना टोचत होता.

यान्नाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "तुझी चूक? महिनाभर?"

"हो."

"काय चूक?"

"पेटीच्या विजेकडे बघायचं राहिलं."

ते खोटं नव्हतं. यान्नाचंही बालपण असल्याच एका गावात गेलं होतं, आणि गावातली माणसं अँटेना कशी हलवतात हे तिला कळत नसेल असं नाही.

"इल्पो, कंपनीवाले हे वाचतील. मग मला रीक्काचं नाव पुढे करावं लागेल."

"कर. ती चांगली आहे. पोरंही लहान आहेत तिची."

"तुझी खात्री आहे?"

"खोली चालू राहील ना?"

"राहील," यान्ना म्हणाली. मग म्हणाली, "तू जरा सुट्टी घे रे."

दुरुस्तीची सूचना नियमाप्रमाणे कोर्पिवाराच्या पडद्यावरही झळकली. पुढच्या बुधवारी हेल्वीनं ती मोठ्यानं वाचली, कारण एइनोचा चष्मा घरी राहिला होता. एइनोनं ती पुन्हा वाचायला लावली. मग तो सातूपुढे बसला, वजन सांगितलं, पाय दाखवले आणि कॉफीलाही न थांबता घरी गेला. हेल्वीनं हे इल्पोला फोन करून सांगितलं. आयुष्यात तिनं त्याला आपणहून केलेला हा पहिला फोन.

वसंतात तळ्यावरचं बर्फ काळं पडून फुटलं तेव्हा इल्पो गावी गेला. कंपनीचं पत्र आलं होतं, ते अपेक्षेप्रमाणेच होतं. त्यानं ते एइनोला दाखवलं नाही आणि एइनोनंही विचारलं नाही. दोघांनी सौना घेतली, तळलेले बारके मासे खाल्ले. एइनो म्हणाला की यंदा मासा चांगला लागतोय. इल्पो म्हणाला, लागतोय.

सकाळी तो निघाला तेव्हा ऊन छान पडलं होतं. बर्च झाडांना पालवी फुटत होती, अंगातला कोट नको वाटत होता. अंगणातल्या खांबाला आता थंडी परत येईस्तोवर वीज येणार नव्हती.

गाडीची तार त्या खांबाला जोडलेली होती. ती सैल पडू नये म्हणून डांबरी सुतळीनं बांधली होती, वडिलांच्या गाठीनं.

इल्पो तिच्याकडे बघत उभा राहिला. एइनो पायरीवर बसून बूट चढवत होता, सूज आलेला पाय आत जाईना म्हणून कण्हत होता.

"वीज कुठे येते आता याला?" इल्पो म्हणाला.

"माहीत आहे," एइनो म्हणाला, आणि खाली वाकून बुटाशी झटत राहिला.